रक्त यायला लागलेली चाळीस मिनिटे

प्रश्न

पत्र लिहिणाऱ्या सर्जन ३८ वर्षांच्या आहेत. गेली नऊ वर्षे त्या अपघातातील जखमींवर आणि तातडीच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करतात. दीड वर्षापूर्वी एका रात्री यकृत फाटलेला एक तरुण त्यांच्या टेबलावर दगावला आणि तेव्हापासून ट्रॉमामधील, म्हणजे अपघाती जखमांवरील, संशोधनाकडे वळण्याचा विचार त्यांच्या मनात पक्का होत गेला. आता एका मोठ्या संस्थेत दोन वर्षांची पूर्णवेळ संशोधन फेलोशिप त्यांना देऊ केली गेली आहे आणि उत्तर कळवायला सहा आठवडे आहेत. विभागप्रमुखांचे म्हणणे असे की, दोन वर्षे सुरी खाली ठेवली तर हात जाईल. घरी चार वर्षांची मुलगी आहे. पतीचा पाठिंबा आहे. त्या लिहितात : "आमच्यासारख्या सतत ड्यूटीत बुडालेल्या रुग्णालयात संशोधन होत नाही, त्यासाठी बाहेरच पडावे लागते. रक्त लवकर मिळाले तर जीव वाचतात हे मला माहीत आहे, फक्त ते सिद्ध करायचे आहे. पण बेशुद्ध माणसाला न विचारता त्याच्यावर अभ्यास करणे मनाला पटत नाही. मी सर्जन राहावे की संशोधक व्हावे?"

उत्तर

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. त्यात फेलोशिपबद्दल दीड पान आहे, विभागप्रमुखांच्या मताबद्दल अर्धे पान आहे, वयाबद्दल आणि घराबद्दलही बरेच काही आहे. संशोधन नेमके कशाचे करायचे, याबद्दल मात्र तुम्ही जवळजवळ काहीच लिहिलेले नाही, आणि तरीही ते पत्रात आहे. त्या रात्रीचे वर्णन करताना तुम्ही ओघात लिहून गेलात की, रक्त मागवल्यापासून पहिली पिशवी हातात यायला चाळीस मिनिटे लागली. पुढच्याच वाक्यात तुम्ही शस्त्रक्रियेकडे वळलात. मी मात्र त्या चाळीस मिनिटांपाशी थांबलो. पद, संस्था आणि दोन वर्षे यांचा निर्णय तुम्ही आधी घेऊ पाहता आणि प्रश्न पुढे कधीतरी सापडेल असे धरून चालता. माझ्या मते क्रम उलटा हवा, आणि तुमच्या बाबतीत तर प्रश्न हाताशीच आहे.

'सर्जन की संशोधक' या विचारण्यामागे एक गृहीत दडलेले आहे : संशोधन ही रुग्णालयाबाहेर, शांत खोलीत, दिवसाउजेडी करायची गोष्ट आहे. वैद्यकाच्या काही शाखांमध्ये ते बऱ्याच अंशी खरे असेल. आघाताच्या, म्हणजे ट्रॉमाच्या, बाबतीत नाही. इथे रुग्ण वेळ ठरवून येत नाही आणि ज्या घटनेचा अभ्यास करायचा ती बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत घडून संपून जाते. त्या तासांत रुग्णाजवळ जो उभा असतो, त्याच्यावाचून हे काम होऊच शकत नाही.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेली क्रॅश-२ चाचणी तुम्हाला ठाऊक असेलच. ४० देशांतील २७४ रुग्णालयांतून २०,२११ जखमी तिच्यात घेतले गेले. निम्म्यांना ट्रानेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे झालेली गुठळी विरघळू न देणारे औषध, आणि निम्म्यांना दिसायला तसेच पण औषध नसलेले द्रावण देण्यात आले. मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. पुढच्याच वर्षी त्याच माहितीचे बारकाईने विश्लेषण झाले, तेव्हा आणखी महत्त्वाची गोष्ट कळली : जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत औषध दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात, त्यानंतर दिले तर ते उलट वाढलेले दिसतात. आज जगभर पाळली जाणारी ही तीन तासांची मर्यादा कुठून आली? शेकडो अपघात विभागांत ड्यूटीवरच्या कुणीतरी, रक्ताने भरलेले हातमोजे काढून, एका फॉर्मवर जखम किती वाजता झाली ते लिहिले, तिथून आली. या रुग्णालयांपैकी अनेक ठिकाणी तुमच्यासारखीच गर्दी होती आणि तुमच्यासारखेच थकलेले डॉक्टर होते.

आणि हे औषध काही नवे नव्हते. जपानमधील उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी ते १९६२ मध्येच जगापुढे मांडले होते. अपघातात जखमी झालेल्या माणसाला त्याचा उपयोग होतो का, याचे भरवशाचे उत्तर मिळायला त्यानंतर ४८ वर्षे जावी लागली. उताकोबाई आपल्या लहान मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करीत असत. तुमच्या मुलीचा उल्लेख वाचताना मला ते आठवले. आदर्श म्हणून मी ते सांगत नाही, कारण त्यांना मूल पाठीशी बांधावे लागू नये अशी सोय तेव्हा असायला हवी होती आणि तुम्हाला आज ती मागण्याचा पूर्ण हक्क आहे. सांगायचे ते एवढेच की, नवा रेणू शोधणे हे जसे संशोधन आहे, तसेच कपाटात पडून असलेल्या जुन्या औषधाबद्दल योग्य प्रश्न विचारणे हेही संशोधन आहे, आणि आघातशास्त्रात या दुसऱ्या प्रकाराने फार मोठे काम केले आहे.

तुमच्या पत्रातील एका वाक्याची मात्र मला काळजी वाटते. "मला माहीत आहे, फक्त सिद्ध करायचे आहे," असे तुम्ही लिहिता. या मनःस्थितीत अभ्यासाला हात घालू नका, असे मी अगदी आग्रहाने सांगेन. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना स्टेरॉइड देण्याची रीत तीस वर्षांहून अधिक काळ चालू होती. मेंदूची सूज उतरते हे देणाऱ्यांना 'माहीत' होते. २००४ मध्ये पहिल्या क्रॅश चाचणीचे निष्कर्ष आले. १०,००८ रुग्णांमध्ये, दोन आठवड्यांच्या आत, स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१ टक्के दगावले होते आणि न मिळालेल्यांपैकी १८ टक्के. रक्तदाब घसरलेल्या जखमीला वाटेतच भरपूर सलाइन चढवावे, हेही सगळ्यांना माहीत होते. १९९४ मध्ये ह्यूस्टन येथून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धडाला गोळीची किंवा भोसकल्याची जखम झालेले ५९८ प्रौढ होते. ज्यांचे सलाइन शस्त्रक्रियागृहात पोहोचेपर्यंत रोखून धरले त्यांच्यातील ७० टक्के वाचले, ज्यांना लगेच दिले त्यांच्यातील ६२ टक्के. एक दिवसाआड गट बदलण्याची त्या अभ्यासाची पद्धत आजच्या कसोटीला कच्ची ठरेल, पण एका पक्क्या समजुतीला त्याने जो धक्का दिला तो टिकला. अगदी अलीकडचे उदाहरण महाधमनीत फुगा फुगवून खालचा रक्तस्राव थोपवण्याच्या तंत्राचे आहे. हे तंत्र सर्जनच्या हाताला इतके पटते की त्याविषयी शंका घेणेच अवघड वाटते. तरीही ब्रिटनमधील १६ केंद्रांत ९० रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, फुग्याची सोय असलेल्या गटात ९० दिवसांतील मृत्यू ५४ टक्के होते आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ४२ टक्के. अपायाची शक्यता दिसल्याने ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली.

तुमच्या रक्ताच्या प्रश्नाचेही तसेच आहे. २०१८ मध्ये पॅम्पर चाचणीत, हेलिकॉप्टरने आणल्या जाणाऱ्या ५०१ जखमींपैकी ज्यांना वाटेतच प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळता उरणारा रक्ताचा द्रव भाग, मिळाला त्यांच्यातील २३.२ टक्के ३० दिवसांत दगावले, बाकीच्यांमधील ३३ टक्के. हे वाचून तुमचे मन निश्चिंत होईल. पण २०२२ मध्ये रीफिल चाचणीत, रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी तांबड्या पेशी आणि भुकटीरूपातील प्लाझ्मा देण्याची तुलना सलाइनशी केली गेली, ४३२ रुग्ण घेतले गेले आणि मृत्यू होणे किंवा शरीराचा रक्तपुरवठा पुरेसा न सावरणे या एकत्रित मुख्य निकषावर दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले : ६४ आणि ६५ टक्के. दोन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले आहेत. रुग्णालय किती दूर होते, जखमा कशा होत्या, नेमके काय दिले, कोणत्या मिनिटाला दिले, या सगळ्यांत उत्तराचे तुकडे विखुरलेले आहेत. तेव्हा 'रक्ताने जीव वाचतो हे सिद्ध करीन' या वाक्याऐवजी 'आमच्याकडे रक्त पोहोचायला किती वेळ लागतो, तो कुठे जातो आणि कमी केल्याने रुग्णाच्या स्थितीत काय फरक पडतो ते पाहीन' असे वाक्य मनात ठेवा. पहिल्या वाक्यात उत्तर आधीच ठरलेले आहे. दुसऱ्यात तुम्ही चुकीच्या ठरू शकता, आणि ती मोकळीक ठेवूनच अभ्यासाला बसायला हवे.

इथे एक खड्डा दाखवून ठेवतो, कारण त्यात चांगली चांगली माणसे पडली आहेत. समजा, तुम्ही गेल्या पाच वर्षांचे केसपेपर काढले आणि ज्यांना प्लाझ्मा भरपूर मिळाला त्यांची तुलना ज्यांना तो मिळाला नाही त्यांच्याशी केली. गोठवलेला प्लाझ्मा वितळवायला वीस ते तीस मिनिटे जातात. जो रुग्ण पंधराव्या मिनिटाला गेला, त्याच्या कागदावर प्लाझ्माच्या रकान्यात शून्य असणार. आकडे म्हणतील, प्लाझ्मा मिळाला नाही म्हणून तो गेला. घडले ते उलट : तो गेला म्हणून त्याला प्लाझ्मा मिळाला नाही. रक्त आणि प्लाझ्मा यांच्या प्रमाणावरचे कितीतरी जुने अभ्यास याच कारणाने फसवे ठरले. याच्या अगदी विरुद्ध बाजूचा खड्डाही तितकाच खोल आहे. ज्याचा चेहरा पांढराफटक पडला आहे आणि नाडी लागत नाही, त्याच्यासाठी सगळे धावतात आणि रक्त दहा मिनिटांत येते. जो बरा दिसतो त्याचे रक्त सावकाश येते. नुसत्या नोंदी मांडल्या तर लवकर रक्त मिळालेले अधिक दगावताना दिसतील. हे दोन्ही ओळखायला शिकवणारे कुणीतरी तुम्हाला हवे आहे, आणि फेलोशिपची खरी किंमत तिथे आहे; तिच्याकडे मी पुढे येतो.

आता संख्येचे. तुम्ही लिहिता की मोठा रक्तस्राव झालेले सुमारे साठ जखमी तुमच्याकडे वर्षाला येतात. प्रोपर या चाचणीत ६८० रुग्ण होते; प्लाझ्मा, बिंबिका (प्लेटलेट्स) आणि तांबड्या पेशी यांची दोन प्रमाणे तिने ताडून पाहिली. पहिल्या २४ तासांतील मृत्यू एका गटात १२.७ टक्के आणि दुसऱ्यात १७ टक्के झाले, तरी एवढा फरक योगायोगाने आला नसेल असे संख्याशास्त्राच्या आधारे म्हणता आले नाही. तुमच्या एकट्या रुग्णालयाला ६८० रुग्ण जमवायला अकरा वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून मृत्यू हा निकष धरून तुम्ही एकटीने अभ्यास मांडलात, तर कितीही प्रामाणिक कष्ट केलेत तरी हाती काही लागणार नाही. मिनिटे मात्र साठ रुग्णांतही नीट मोजता येतात. चाळीसाची पंधरा झाली की नाही, हे वर्षभरात कळते. आणि मिनिटांना अर्थ आहे : प्रोपरच्याच माहितीवरून २०१७ मध्ये मांडलेल्या एका विश्लेषणात, रक्ताची पहिली पेटी रुग्णापाशी यायला लागलेल्या प्रत्येक मिनिटामागे मृत्यूची संभाव्यता ऑड्सच्या, म्हणजे दगावण्याची शक्यता भागिले वाचण्याची शक्यता या गुणोत्तराच्या, हिशेबात पाच टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा निरीक्षणातून निघालेला संबंध आहे, वर सांगितलेले खड्डे त्यालाही लागू पडतात. पण तुमचे काम कोणत्या मोठ्या प्रश्नाला जोडलेले आहे हे त्यावरून दिसते.

त्या चाळीस मिनिटांचे तुकडे पाडा. रक्त हवे हे कोणी आणि कधी ठरवले, नमुना कधी काढला, तो ट्रेमध्ये किती वेळ पडून राहिला, नळीवरचे नाव कागदाशी जुळले नाही म्हणून परत आला का, रक्तपेढीत कधी पोहोचला, पेटी कधी भरली, ती घेऊन निघालेला माणूस लिफ्टपाशी किती वेळ उभा होता, पिशवी लावायच्या आधी तपासणीत किती वेळ गेला. बहुतेक ठिकाणी सगळी दिरंगाई एखाद-दुसऱ्या जागी साचलेली निघते, आणि ती जागा कोणती हे आधी सगळ्यांनी केलेल्या अंदाजांपेक्षा वेगळे असते.

घड्याळांविषयी स्वतःच्या अनुभवातून सांगतो. मी तरुण असताना एका रुग्णालयात, जखमी आल्यापासून शस्त्रक्रियागृहात जाईपर्यंतचा वेळ मोजण्याचा अभ्यास केला. दोन वर्षांच्या नोंदी गोळा झाल्यावर आठ रुग्ण असे निघाले की जे कागदोपत्री रुग्णालयात येण्यापूर्वीच टेबलावर पोहोचले होते. शोध घेतला तेव्हा कळले की, अपघात विभागाच्या दारावरचे घड्याळ सात मिनिटे पुढे होते, शस्त्रक्रियागृहातील मॉनिटर चार मिनिटे मागे होता आणि रक्तपेढीच्या रजिस्टरात वेळ लिहिणारे स्वतःच्या मनगटाकडे बघून लिहीत होते. अकरा मिनिटांची चूक घेऊन मी दहा मिनिटांचा फरक शोधत होतो. ती दोन वर्षे वाया गेली, आणि त्यात माझ्याइतकाच वेळ परिचारिकांचाही गेला, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हा पहिले काम म्हणजे सगळी घड्याळे एका वेळेला लावणे आणि दर सोमवारी ती पुन्हा तपासणे. दुसरे काम म्हणजे ज्या परिचारिका या वेळा लिहिणार आहेत त्यांना पहिल्याच बैठकीला बोलावणे. कोणता रकाना रात्री तीन वाजता भरला जाईल आणि कोणता कोरा राहील, हे त्या तुम्हाला दहा मिनिटांत सांगतील. लेख निघेल तेव्हा, त्यांनी विचारात आणि लिखाणात भाग घेतला असेल तर, त्यांची नावे आभारात न टाकता लेखकांमध्ये घाला.

विभागप्रमुखांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते झटकून टाकू नका. मात्र 'हात जाणे' म्हणजे काय हे जरा उलगडून पाहा. शिवण, बांधणी, पोट उघडणे हे हाताला लवकर परत येते. ज्याला गंज चढतो तो निर्णय : आता थांबायचे, यकृताभोवती पॅक घालायचे आणि पोट तसेच ठेवून रुग्णाला अतिदक्षता विभागात न्यायचे, हे रक्ताने भरलेल्या पोटाकडे बघत अर्ध्या मिनिटात ठरवणे. त्याला सराव लागतो. म्हणून फेलोशिप घेतलीच तर महिन्याला निदान दोन रात्रींची शस्त्रक्रियेची ड्यूटी करारात लिहून घ्या, आणि परत आल्यावर पहिले तीन महिने एका अनुभवी सहकाऱ्याबरोबर जोडीने ड्यूटी मिळेल असे आपल्या विभागाकडून आधीच ठरवून घ्या. यात कमीपणा नाही. बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवरून येणाऱ्या सर्जनलाही हे मिळायला हवे. एक गोष्ट विभागप्रमुखांनाही आठवून द्या. थांबायचे कधी, हा निर्णयच मुळात संशोधनातून टेबलापर्यंत आला. १९९३ मध्ये मायकेल रोटोंडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ ४६ रुग्णांच्या नोंदींवरून तो मांडला आणि 'डॅमेज कंट्रोल' हे नाव त्याला दिले. एवढ्या थोड्या रुग्णांवरून काही सिद्ध होत नाही, पण त्या मांडणीने जगभरातील सर्जनांना विचार करायला लावले. ती मांडणी करणारे लोक रात्री टेबलापाशी उभे राहणारे होते.

आता फेलोशिप. माझे मत स्पष्ट सांगतो : आज होकार देऊ नका, नकारही देऊ नका, एक वर्षाची मुदत मागा. वर्षभराच्या स्वच्छ नोंदी आणि त्यातून पडलेले प्रश्न घेऊन तुम्ही तिथे गेलात, तर संख्याशास्त्र शिकवणाऱ्यासमोर तुम्ही रिकाम्या वहीने बसणार नाही. तसे न करता जे जातात, त्यांतील पुष्कळांची दोन वर्षे दुसऱ्याच्या अभ्यासाचे फॉर्म भरण्यात जातात. त्यांच्या नावावर पाच-सात लेख जमा होतात, परत आल्यावर मात्र स्वतःचा एकही प्रश्न त्यांच्याजवळ नसतो. मुदत मिळत नसेल तर निवड समितीला थेट विचारा की, मी माझा प्रश्न घेऊन येऊ शकते का, संख्याशास्त्रज्ञाचा आठवड्यातून किती वेळ मला मिळेल, आणि आधीच्या फेलोंपैकी दोघांशी मला बोलता येईल का. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तिथे जाऊ नका. त्या आधीच्या फेलोंना मात्र लेख किती निघाले ते विचारू नका. आज ते कोणत्या प्रश्नावर काम करतात ते विचारा. उत्तर चटकन आले तर ती जागा चांगली आहे.

तोपर्यंत, आणि कदाचित त्याऐवजीही, दोन वाटा मोकळ्या आहेत. एखाद्या चालू असलेल्या बहुकेंद्री चाचणीत तुमच्या रुग्णालयाला सहभागी करून घ्या. त्यात तुम्हाला कीर्ती थोडी मिळेल, पण यादृच्छिक गटवाटप, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणे, प्रत्यक्षात कसे चालते, कागद कसे राखायचे, अपायाची नोंद किती तासांत कळवायची, हे सगळे हाताखालून जाईल. दुसरी वाट रुग्णचाचण्यांच्या पद्धतींचे अर्धवेळ शिक्षण घेण्याची आहे. कोणतीही वाट घेतली तरी आठवड्यातील एक सकाळ ड्यूटीच्या तक्त्यात तुमच्या नावापुढे 'संशोधन' म्हणून लिहून घ्या. ती तोंडी मिळाली तर पहिल्याच मोठ्या अपघाताच्या दिवशी जाईल आणि पुन्हा परत येणार नाही. विभागप्रमुखांचा पाठिंबा आहे की नाही, याची परीक्षा त्या एका ओळीत होईल. मुलीचा विचार करतानाही हेच धरून चाला : ड्यूटी संपल्यावर रात्री जागून करायचे काम म्हणून संशोधन घरी आणलेत, तर त्याची किंमत ती मोजेल.

संमतीबद्दल तुम्हाला वाटणारी टोचणी खरी आहे आणि ती टिकवून ठेवा. सगळी जबाबदारी तुमच्या एकटीच्या खांद्यावर मात्र नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेचे हेलसिंकी घोषणापत्र अशा संशोधनाला काही अटींवर मुभा देते : ज्या अवस्थेमुळे रुग्ण संमती देऊ शकत नाही, ती अवस्था त्या अभ्यासातील रुग्णांचे अटळ लक्षण असली पाहिजे, नैतिकता समितीने अभ्यास मंजूर केलेला असला पाहिजे, आणि रुग्ण शुद्धीवर येताच, किंवा त्याच्या वतीने बोलणारे कुणी भेटताच, अभ्यासात पुढे राहण्यासाठी संमती घेतली पाहिजे. अमेरिकेने १९९६ मध्ये केलेल्या नियमात तर, ज्या लोकवस्तीतून रुग्ण येणार तिच्याशी आधी चर्चा करणे आणि अभ्यासाची जाहीर माहिती देणे बंधनकारक आहे. तुम्ही राहता तिथले नियम तुमच्या नैतिकता समितीकडून लेखी समजून घ्या. वेळा मोजण्याच्या अभ्यासाला बहुधा कमी कागद लागतील, पण समितीला विचारल्यावाचून तोही सुरू करू नका. आणि नातेवाइकांशी बोलण्याचे काम कनिष्ठ डॉक्टरवर ढकलू नका. शुद्धीवर आलेल्या माणसाला 'तुम्ही बेशुद्ध असताना आम्ही तुम्हाला एका अभ्यासात घेतले' असे सांगणे, किंवा ज्यांचा माणूस गेला त्यांच्यासमोर तो कागद घेऊन बसणे, हे या कामातील सर्वांत अवघड काम आहे. तिथे खुर्ची ओढून बसा, आधी माणसाबद्दल बोला, कागद शेवटी काढा, आणि 'नाही' म्हणाले तर त्याच क्षणी तो नकार मान्य करा.

राहिला तो तरुण. पत्रभर त्याची सावली आहे आणि तुम्ही दोन ठिकाणी लिहिले आहे की त्याच्यासाठी हे करायचे आहे. मला हे समजते. या क्षेत्रात काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या मनात असा एखादा चेहरा असतो. पण त्याचे ऋण फेडायचे म्हणून अभ्यास करायला निघालात, तर अभ्यासाचा निष्कर्ष तुमच्या मनासारखा आला नाही तेव्हा तो मृत्यू तुम्ही दुसऱ्यांदा सोसाल. त्याच्या मृत्यूची चर्चा तुमच्या विभागाच्या मृत्यू-आढावा बैठकीत झाली होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही. झाली नसेल तर दीड वर्षानंतरही ती मागा. झाली असेल पण त्यात ती चाळीस मिनिटे आली नसतील, तर पुन्हा मागा. आणि तो अजून झोपेत येत असेल, तर एखाद्या विश्वासू सहकाऱ्याशी किंवा समुपदेशकाशी बोला. ते बोलणे संशोधनाच्या आराखड्यात बसणार नाही, आणि ते बसवूही नका.

तुमच्यासारखीच पत्रे भूलतज्ज्ञांकडून, तातडीच्या विभागातील डॉक्टरांकडून आणि एकदा एका परिचारिकेकडूनही मला आली आहेत. त्यांनाही मी हेच लिहिले होते की, शेवटच्या दहा वाईट रात्री आठवा आणि प्रत्येक रात्री नेमके कशाची वाट पाहत तुम्ही उभे होता ते एकेका ओळीत लिहा. दहापैकी चार ओळी सारख्या आल्या तर तो तुमचा विषय.

मुदतवाढीचे पत्र या आठवड्यातच पाठवा. आणि पुढच्या ड्यूटीला गेलात की, पहिला रुग्ण यायच्या आधी, अपघात विभागातून रक्तपेढीपर्यंत स्वतः चालत जा, वाटेतील प्रत्येक घड्याळापाशी थांबा आणि त्यात किती वाजले आहेत ते तारखेसह वहीत लिहून घ्या.